रवांडाला जाऊ का?

वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं :

"माझं वय छप्पन्न. राष्ट्रीयीकृत बँकेत तीस वर्षं नोकरी झाली. त्यातली बरीच वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत, बचत गटांच्या कर्जांचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. यजमान एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. मुलगा पुण्यात असतो, मी नाशिकला गंगापूर रोडला एकटीच. मागच्या वर्षी समुपदेशनाची पदविका केली. आता एका कंपनीची जाहिरात पाहिली आहे : रवांडात तीन आठवडे राहायचं आणि वंशसंहारातून वाचलेल्या लोकांसाठी 'हीलिंग सेशन्स' घ्यायची. फी दोन लाख चाळीस हजार, विमानभाडं वेगळं. तुकडी ७ एप्रिलला सुरू होते, पैसे भरायची मुदत महिनाअखेर. भाऊ म्हणतो, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मुलगा म्हणतो, आई तुला हवं ते कर. पण त्याचा चेहरा काही वेगळंच सांगतो. मला वाटतं, टीव्हीसमोर बसण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडावं. तिथे गेल्यावर माझं दुःखही मला लहान वाटेल. माणसं सांभाळायची मला सवय आहे. सुरगाण्याकडच्या एका गटात दोघी बांधावरून बोलत नव्हत्या, मी मुद्दाम त्या दोघींनाच खात्यावर सह्यांचे अधिकार द्यायला लावले होते. जाऊ का? वय आड येईल का?"

ताई,

या कंपनीबरोबर जाऊ नका. पैसे भरायची मुदत खुशाल टळू द्या. मुदतीची घाई करून काय काय विकलं जातं, हे तुम्ही काउंटरमागे बसून माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. पण बाहेर जाऊन काम करायची तुमची इच्छा खुळी नाही, आणि भाऊरायांच्या म्हणीने ती मोडीतही निघत नाही. त्यामुळे आज उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही सोबत जोडलेलं माहितीपत्रक वाचलं. पहिल्याच पानावर निळ्या टी-शर्टातली पाहुणी, कडेवर एक पोर, मागे हिरव्या टेकड्या. पोराच्या आईबापांना विचारून तो फोटो छापला असेल असं मला काही वाटत नाही. आत वेळापत्रक आहे : सकाळी 'सर्व्हायव्हर हीलिंग सर्कल', दुपारी बालगृहात खेळ आणि गाणी, शनिवार-रविवार मोकळे, हवं तर गोरिला बघायची सहल, खर्च वेगळा. (तिथल्या गोरिलांच्या जंगलात शिरायचा परवानाच परदेशी माणसाला पंधराशे डॉलरला पडतो. ज्याला बघायचेत त्याने जरूर बघावेत. निदान त्यात कुणाची फसगत नाही.) पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. हे काम रवांडातल्या कुठल्या संस्थेने मागितलंय, तिचं नाव कुठेच नाही. तुमची तुकडी परतली की पुढची येईपर्यंत त्या सर्कलचं काय होतं, यावर अक्षर नाही. आणि तुमच्याकडून काय मागितलंय? पासपोर्टची प्रत, टी-शर्टचा साइज आणि पैसे. पोलीस पडताळणी नाही, कुणाची शिफारस नाही, पदविका खरी की खोटी हेही कुणी विचारलेलं नाही. तुम्ही भल्या आहात म्हणून ठीक. पण जी चौकशी तुमची झाली नाही ती कुणाचीच होत नसणार, आणि असा कुणीही उद्या त्या बालगृहात पोरांना मांडीवर घेऊन बसेल. परदेशी पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून आईबाप असलेल्या मुलांना अनाथ ठरवून ठेवायचे प्रकार नेपाळ-कंबोडियात इतके झालेत, की २०१८ साली ऑस्ट्रेलियाने त्याला आधुनिक गुलामगिरीचा एक प्रकार मानलं. माहितीपत्रकात बालगृह दिसलं की पान मिटायचं, एवढं ध्यानात ठेवा.

आता त्या सकाळच्या सर्कलकडे येते. असं समजा, आपल्या रामकुंडावर एका घरचा दशक्रिया विधी चाललाय. कावळा शिवायची वाट बघत माणसं उभी आहेत. तिथे नॉर्वेहून एक बाई येते, सोबत दुभाषी, आणि घरच्या सुनेला विचारते, तुम्हाला आत नेमकं काय वाटतंय ते मला सांगा. बाई मनाने सोन्यासारखी असेल. पण सून काय सांगणार? आणि समजा सांगितलंच, रडली, सगळं बोलून मोकळी झाली. तर तीन आठवड्यांनी बाई ओस्लोला जाईल आणि सून त्याच घरात राहील, जिथे दुभाष्याकडून दिराच्या कानावर गेलंय की ती परक्यांपाशी काय काय बोलली.

रवांडात तर हा दीर नुसता दीर नाही. १९९४ च्या एप्रिलपासून शंभरेक दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे, आठ लाख माणसं मारली गेली. तिथलं सरकार आकडा दहा लाखांवर सांगतं. मेले ते मुख्यतः तुत्सी या अल्पसंख्य समाजाचे, आणि मारायला नकार देणारे, बहुसंख्य हुतू समाजातले लोकही. मारणारे पुष्कळदा शेजारी होते, एकाच टेकडीवरचे, लग्नाकार्यात एकत्र जेवलेले. नंतर लाखावर माणसं तुरुंगात होती आणि नेहमीच्या कोर्टांतून निकाल लागायला शंभर वर्षंही पुरली नसती. म्हणून गावोगाव गवतावर भरणारी गाचाचा न्यायालयं सुरू झाली. २०१२ मध्ये ती बंद झाली तोवर दहा लाखांहून जास्त खटले त्यांनी हातावेगळे केले होते. शिक्षा भोगलेली माणसं परत आपापल्या टेकडीवर आली. ज्या बाईचा नवरा गेला ती आणि ज्याने तो मारला तो, दोघं आज एकाच बाजारात बटाटे विकतात. ओळखपत्रावर आता वंश लिहीत नाहीत, आणि वंशसंहाराच्या विचारसरणीला खतपाणी घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. अशा ठिकाणी एखाद्या भाबड्या पाहुण्याने चहा पिता पिता 'तुम्ही हुतू की तुत्सी?' विचारलं, तर समोरचा हसून विषय बदलेल. पण त्याची ती रात्र कशी जाईल ते पाहुण्याला कधीच कळणार नाही.

मग तिथे काम होतच नाही का? होतं, आणि फार चांगलं होतं. वंशसंहारात विधवा झालेल्या बायकांनी १९९५ सालीच, म्हणजे वर्षही उलटलं नसताना, आव्हेगा नावाची आपली संघटना उभी केली. उत्तरेकडच्या बियुंबा गावात २००५ पासून एक पद्धत रुजली, तिला सोशिओथेरपी म्हणतात. दहा-पंधरा माणसांचा गट, आठवड्यातून एकदा, तीनेक तास, असे पंधरा आठवडे. गट चालवणारे दोघे त्याच भागातले : शेतकरी, शिक्षक, चर्चचं काम बघणारे. गटात वाचलेली विधवा असते, तुरुंगातून सुटलेला असतो, तुरुंगात असलेल्याची बायको असते. पहिले काही आठवडे मेलेल्यांचा विषय काढायची कुणावर सक्ती नाही. बसायचं कुठे, उशीर झाला तर काय, गटातलं बोलणं बाहेर गेलं तर काय, इथे मला सुरक्षित वाटतं का, हेच चालतं. मग विश्वास, मग एकमेकांची काळजी, आठवणींची पाळी शेवटाकडे. शेजारच्या बुरुंडीत आणि रवांडात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी असेच तीन-तीन दिवसांचे वर्ग सुरू केले. त्यात दोन्हीकडची माणसं मिळून फळ्यावर अविश्वासाचं झाड काढतात. मुळं कशाची, फळं कशाची, हे त्यांचं त्यांनी भरायचं.

यात परदेशी माणूस कुठे बसला? बियुंबात सुरुवातीला एक डच सोशिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी चर्चच्या लोकांबरोबर बसून तिथल्या माणसांना ही पद्धत शिकवली, आणि गट तिथल्यांनी चालवले, किन्यारवांडा भाषेत. विधवेच्या समोर बसून तिला बोलतं करायचं काम परदेशी माणसाचं नव्हतंच.

याला शास्त्राचाही आधार आहे, तोही थोडक्यात सांगते, कारण पदविकेच्या वर्गात तुम्हाला कदाचित उलटं शिकवलं असेल. मोठा आघात झाला की लोकांना लगेच एकत्र बसवून सगळं सविस्तर बोलायला लावायचं, म्हणजे मन मोकळं होतं, अशी एक पद्धत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जगभर चालली. पुढे रीतसर चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो. जागतिक आरोग्य संघटना आता स्पष्ट सांगते, असं करू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत आणि इंडोनेशियातल्या आचेमध्ये बाहेरच्या मदतनिसांची रीघ लागली होती; तेव्हा कोणी काय करावं आणि काय करू नये, याचे आंतरराष्ट्रीय संकेत २००७ मध्ये लिहून निघाले. त्यांत पायाला आहे सुरक्षितता, अन्न, निवारा. त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्यावर साधं मदतीचं काम. आणि अगदी टोकाला, मोजक्या लोकांसाठी, तज्ज्ञांचे उपचार. युद्ध झालेल्या भागांत दर पाचांतल्या एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, असा आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. पाचांतला एक ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण उरलेले चार आजारी नाहीत, दुःखी आहेत. त्यांना शेत हवंय, पोराची फी हवीय, हरवलेल्याचा पत्ता हवाय.

आणि इथे, ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या त्या दोघी येतात. पदविकेबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत आणि त्यांना एका वाक्यात उरकलंत. मला मात्र ते दृश्य डोळ्यांसमोर दिसलं. बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर दोन सह्या लागतात. दोघींचं बांधावरून भांडण. एकीने सही केली आणि दुसरी रुसली, तर वीस बायकांचे पैसे अडकणार. म्हणजे उरलेल्या अठराजणीच त्यांच्या मागे लागणार. त्यामुळे दोघींना एकाच काळीपिवळीत, गुडघ्याला गुडघा लावून, शाखेत यावं लागणार. शाखेत रांग असणार. रांगेत पोराचा ताप निघणार, भाताची लावणी निघणार. बांध जिथे होता तिथेच राहिला असेल, पण बोलणं सुरू झालं असेल. तुम्ही त्यांना 'एकमेकींना माफ करा' म्हणाला नाहीत. दोघींचा स्वार्थ एका पासबुकात बांधलात आणि बाजूला झालात. शांततेचं काम करणारी माणसं वर्षानुवर्षं शिकतात ते हेच. तुम्हाला कर्जवसुलीच्या धांदलीत ते साधलं, म्हणून तुम्हाला त्याची किंमत वाटत नाही, एवढंच.

असंच आपल्याकडचं आणखी एक उदाहरण. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या : दोन्ही समाजांतले साधे लोक आणि बीटवरचा पोलीस, नियमाने एकत्र. चर्चा बंधुभावावर कमी आणि गटार, नळ, पोराटोरांच्या मारामाऱ्या यांवर जास्त. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईनेही कमिट्यांचा मार्ग धरला. आपलं मालेगाव नाशिकपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. दंगल, २००६ आणि २००८ चे स्फोट, सगळं सोसलेलं गाव. परदेशाआधी वर्षभर अशा ठिकाणच्या एखाद्या महिला गटाबरोबर, यंत्रमागावरच्या बायकांच्या बचतीचं काम करून पाहा, असं मी सुचवीन. हे 'आधी घरचं बघा' या चालीवर म्हणत नाही. ज्या गावाच्या जखमेवर खपली आहे तिथे परकी बाई म्हणून बसणं कसं असतं, ते तुम्हाला स्वतःच्या भाषेत शिकायला मिळेल. सुरगाण्यात तुम्ही बँकेच्या मॅडम होतात. खुर्चीचं वजन होतं. खुर्चीशिवाय जमतं का, ते आधी कळू दे.

आता अवघड भाग. 'तिथे गेल्यावर माझं दुःख मला लहान वाटेल.' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि सगळ्यात जास्त कळलंही. पण ताई, ज्यांच्याकडे तुम्ही जाणार, त्यांनी आपलं आयुष्य तुमच्या दुःखाच्या मापासाठी का उघडं करावं? शिवाय तसं होत नाही. २०२१ च्या त्या एप्रिलात आपल्याकडे कित्येकांना आपल्या माणसाला नीट निरोपही देता आला नाही. तुमच्या घरी काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. रवांडात ७ एप्रिल हा शोककाळाचा पहिला दिवस. अजूनही कुठे पाया खणताना, शेत नांगरताना अवशेष सापडतात आणि या दिवसांत ते सन्मानाने पुरले जातात. स्मरणाच्या सभांत माणसं किंचाळत कोसळतात, त्यांना उचलून नेणारे स्वयंसेवक तयार ठेवावे लागतात. कंपनीने तुकडीसाठी नेमका तोच दिवस निवडलाय, आणि तुमच्या यजमानांचा महिनाही तोच. तिथे एखादी बाई म्हणेल, मला त्याचा चेहरा शेवटचा बघायला मिळाला नाही. मग दुभाषी थांबेल आणि सगळे तुमच्याकडे बघतील. त्या क्षणी तुम्हाला कोण सावरणार? माहितीपत्रकात तर टीम लीडर म्हणून तेवीस वर्षांची मुलगी दिसतेय. चांगली संस्था हे मुलाखतीतच विचारते : अलीकडे कुणी गेलंय का, झोप कशी आहे, परतल्यावर कोणाशी बोलाल. पदविका झाली म्हणून आपलं समुपदेशन आपोआप होत नाही. कुणाकडे तरी जा, सहा महिने जा, आणि यजमानांविषयी बोला. रात्रीबेरात्री फारच जड झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

भाऊरायांना एवढंच सांगा : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हाही घरचं थोडं नव्हतं, इंग्रज अजून इथे बसलेलेच होते. मात्र कोटणिसांचं नाव घेताना आपण त्यांचं मरण तेवढं आठवतो. डॉक्टर पाठवा, अशी मागणी चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे केली होती. गेलेल्या पाचही जणांना शस्त्रक्रिया, औषधं, जे काम मागितलं ते येत होतं. कोटणीस चिनी शिकले, तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, लग्नही तिथेच केलं, आणि डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. सगळ्यांनी जीव द्यावा असं मी म्हणत नाही. पण मागणी तिकडून यावी, हातात काम असावं आणि मुक्काम लांब असावा, एवढं त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. उलट बाजूही आपल्याच राज्यात घडलेली आहे. सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. त्यांना जागा मिळाली, बरॅकी मिळाल्या, बाजार मिळाला. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट हे सगळं त्यांनी आपलं आपण, पोलिश भाषेत चालवलं. कुणी त्यांना गोल करून बसवून छळछावणीच्या आठवणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

तर मग जायचं कुठे? मला विचाराल तर रवांडाच्या आधी नेपाळ. व्हिसा लागत नाही, लिपी तुमचीच, हिंदीवर दिवस निघतो आणि सहा महिन्यांत कामापुरतं नेपाळी येतं. १९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या लढाईत तिथे सुमारे सतरा हजार माणसं गेली. तेराशेहून जास्त अजून बेपत्ता आहेत. बेपत्ता झालेल्याची बायको ना सवाष्ण ना विधवा. बांगड्या ठेवल्या तर गाव बोलतं, उतरवल्या तर सासू म्हणते, तूच त्याला मारलास. जमीन त्याच्या नावावर. ती आपल्या नावावर करायची तर तो मेला असं लिहून द्यायचं, आणि तेवढ्यासाठी तिचा हात उठत नाही. अशा बाईला आधी काय हवं असेल? लालपुर्जा म्हणजे जमिनीचा कागद कसा बदलतो, खातं एकटीच्या नावावर कसं उघडतं, भरपाईचा अर्ज कुठे अडकलाय, गटातून कर्ज कसं मिळेल. कोविडनंतर वारसाची कागदपत्रं घेऊन खिडक्यांमागून खिडक्या तुम्हीही हिंडला असाल. तिथल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या संस्थेला हिशेबनीस आणि प्रशिक्षक म्हणून तुमचा उपयोग आहे. गट बांधणाऱ्या मुलींना तुम्ही शिकवा. बायकांशी त्या मुली बोलतील.

मार्ग दोन आहेत. पहिला : संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक यंत्रणा, यूएनव्ही, १९७० पासून चालते, मुख्यालय जर्मनीत बॉनला. विशेषज्ञ स्वयंसेवक म्हणून सत्तावीस वर्षांपुढच्या, निदान तीन वर्षं अनुभव असलेल्या माणसांना घेतात, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत नेमतात आणि राहण्या-जेवण्यापुरता भत्ता देतात. अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी यूएनच्या नावाने फी मागितली तर तो चोर समजा. त्यांचंच ऑनलाइन स्वयंसेवेचं दालनही आहे : घरबसल्या, आठवड्याला थोडे तास, एखाद्या परदेशी संस्थेचे हिशेबाचे तक्ते लावून देणं वगैरे. मी तुमच्या जागी असते तर उद्यापासून तिथून सुरुवात केली असती, कारण संस्था कशी आहे ते तिच्या हिशेबावरून जेवढं कळतं तेवढं तिच्या माहितीपत्रकावरून कळत नाही, आणि हिशेब तुम्हाला वाचता येतो. दुसरा मार्ग म्हणजे थेट पत्रव्यवहार. अर्जात पदविका खाली टाका, पेठ-सुरगाणा वर. किती गट, किती बायका, थकबाकी किती, हे आकड्यांत लिहा. आणि त्यांना निर्लज्जपणे विचारा, मंगळवारी सकाळी दहा वाजता मी नेमकी काय करत असेन? उत्तर नीट आलं तर पुढे बोला. 'तुमच्या उपस्थितीनेच त्यांना बळ मिळेल' असं आलं तर नमस्कार करून मोकळ्या व्हा.

तोवर जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचारावरची २०११ ची पुस्तिका वाचून काढा, इंटरनेटवर फुकट मिळते. पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, एवढंच तिचं सार. कुणाला खोदून विचारू नका, हेही तिच्यात आहे. रवांडाचं मन झालंच तर तेही पुढे करा, फक्त एप्रिल सोडून, आणि आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना बघून, कारण शेजारच्या पूर्व काँगोतली लढाई थांबलेली नाही. केनिया-युगांडामार्गे परतणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवतात.

वयाचं विचारलंत. झिम्बाब्वेत २००५ मध्ये सरकारने झोपड्या पाडल्या, सात लाख माणसांचं घर किंवा पोटापाण्याचं साधन गेलं. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या हाताशी ना डॉक्टर ना खोल्या. त्यांना मिळाल्या चौदा आज्या. २००६ पासून त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचं ऐकू लागल्या. दहा वर्षांनी रीतसर चाचणी झाली तेव्हा बाकावर आलेल्यांचं नैराश्य नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी झालेलं दिसलं. त्या आज्या तिथल्याच होत्या, हे विसरून चालणार नाही. पण छप्पन्न हे वय या कामात अडचणीचं नाही. गुडघे आणि रक्तदाब मात्र दाखवून घ्या, नेपाळात चढ फार.

मुलाच्या चेहऱ्याचं म्हणाल, तर त्याचे वडीलही त्याच एप्रिलात गेलेत. तो 'तुला हवं ते कर' म्हणतो तेव्हा त्याला स्वतःला काय हवंय, हे तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. एका रविवारी पुण्याला जा, आणि रवांडाचा विषय न काढता जा.

कंपनीला कळवताना कारणं द्यायची गरज नाही. जागा राखून ठेवायला म्हणून काही रक्कम आधीच भरली असेल, तुम्ही लिहिलेलं नाही पण मला शंका आहे, तर परताव्याची मागणी ईमेलवर करा, फोनवर नको. आणि त्यांच्या अटींच्या पानाचा आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा.